गाय हसत नाही, तिला हसवू नका

वाचकांचे प्रश्न : रिलीफ प्रिंट

या वेळी मराठवाड्यातल्या कलाविद्यार्थ्यांची बरीच पत्रं एकाच विषयावर आली आहेत. लिनोकटसाठी (लिनोलियमचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, कोरायचा आणि उरलेल्या उंच भागाला इंक लावून छापायचं, ही रिलीफची एक पद्धत) सगळ्यांनी 'प्राण्यांमधली माया' घेतली आहे आणि प्रत्येकाचं घोडं वेगळ्या जागी अडलं आहे. म्हणून हा महिना त्यांनाच दिला. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

रिलीफ प्रिंटला 'प्राण्यांमधली माया' हा विषय घेतला आहे. घरी देवणी गाय आणि तिचं वासरू आहे. पाच स्केचेस केली, पण सरांनी 'हे कॅलेंडर झालं' म्हणून परत दिली. मग प्रेरणा शोधायची तरी कुठे? (बी.एफ.ए. दुसरं वर्ष, लातूर)

सोबत पाठवलेली पाचही स्केचेस पाहिली. सरांचं बरोबर आहे. पाचही गाईंना माणसाचे डोळे आहेत: बुबुळाभोवती पांढरं, वर लांब पापण्या, आणि तोंडाची कड जराशी वर उचललेली. शांत उभ्या गाईच्या डोळ्यात पांढरं जवळपास दिसत नाही. ती घाबरली, बिथरली की ते दिसतं. म्हणजे भाव आणायला म्हणून तुम्ही जे पांढरं कोरणार, त्यानं घरी जनावरं असलेल्या माणसाला ती गाय भ्यालेली वाटणार. बाहुलीही गोल काढली आहे. गाईची बाहुली आडवी आणि लांबट असते.

माया चेहऱ्यावर शोधू नका. एक अंग दुसऱ्या अंगाला जिथे टेकतं तिथे पाहा. व्यालेली गाय वासराला चाटते तेव्हा त्याचं अंग कोरडं होतं, श्वासाला आणि रक्ताभिसरणाला चालना मिळते, आणि त्याच वेळात त्याचा वास तिच्या नाकात बसतो. मोठी जनावरंही एकमेकांना चाटतात. बहुतेक वेळा ते डोकं, मान आणि खांदा चाटतात, कारण तिथे स्वतःची जीभ नीट पोचत नाही. चाटून घेणारं जनावर मान लांबवून खाली घालतं, कान सैल सोडतं, डोळे अर्धे मिटतं. काढण्यासारखी मुद्रा ही आहे.

आता वासराच्या मानेजवळ जा. गाईची जीभ खरखरीत असते. ती केसांच्या उलट फिरली की केस ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि झुपक्याझुपक्यांनी उभे राहतात. कंगवा उलटा ओढावा तसा पट्टा दिसतो. शेजारचे कोरडे केस मात्र खांद्यावरून खाली निजलेलेच असतात. हा ओला पट्टा लिनोच्या हत्यारासाठी आयता आहे. कोरड्या केसांना व्ही टूलचे (टोकदार खाच पाडणाऱ्या हत्याराचे) बारीक काप वरून खाली, ओल्या पट्ट्याला यू टूलचे (गोल खाच पाडणाऱ्या हत्याराचे) रुंद काप खालून वर. जीभ न काढताही गाय चाटून गेली आहे हे पाहणाऱ्याला कळतं.

देवणी गाय घरात आहे ही तर चैनच म्हणायची. देवणीचे तीन प्रकार: बालंक्या पांढरा, शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे वेडेवाकडे डाग, आणि वानेऱ्याचं अंग पांढरं पण तोंडावर काळं. काळं तोंड पांढऱ्या मानेला टेकलं की त्या दोघांमधली रेघ वेगळी कापावीच लागत नाही. जिथे काळं संपतं तिथे स्पर्श. या प्रिंटमध्ये सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट हीच आहे: टेकण्याच्या जागी काळ्यानं थांबायचं, पांढऱ्यानं थांबायचं, की दोघांनी एकमेकांत मिसळून जायचं? पार्श्वभूमी, गव्हाण, चुलीचा धूर, दारातली तुळस हे नंतर सुचलं तर बघू. बहुधा लागत नाही.

करायचं असं. संध्याकाळची धार काढून झाली आणि वासरू सोडलं की दोन-तीन मीटरवर बसा. पहिले दोन दिवस अर्ध्या मिनिटाची एक, अशी रोज वीस स्केचेस, जाड चारकोल किंवा ब्रश पेननं. पेन्सिल नको, पेन्सिल हातात आली की पापण्या निघतात. वासरू कासेला ढुशा देतं, शेपूट उडवतं, एका जागी ठरत नाही. तेव्हा रेघ नाही, वजन पकडा. रवंथ करत बसलेली गाय मात्र बराच वेळ हलत नाही. सावकाश अभ्यास तेव्हा करा. तिसऱ्या दिवशी १० × १० सेंटिमीटरच्या चौकटीत फक्त टेकलेल्या जागा: मुसकट आणि मान, कपाळ आणि कास, पाठीवर ठेवलेली हनुवटी. चौकट निवडायची ती यांतूनच. मोबाइलवर फोटो घेणार असाल तर जवळ जाऊन घेऊ नका, नाक भोपळ्याएवढं येतं. लांब उभं राहून दुप्पट झूम करा.

सबमिशनला 'संदर्भ' लिहावे लागतात. मोबाइलवर शोधलं की सगळी परदेशी मांजरंच येतात. आपल्याकडचं काही सांगाल का? (परभणी)

अजिंठ्याला जा, पण यादी घेऊन जा. लेणं क्रमांक १७ मध्ये मातृपोषक जातक (बुद्धाच्या पूर्वजन्माची एक गोष्ट) रंगवलेलं आहे. आंधळ्या आईला सांभाळणारा हत्ती राजाच्या माणसांनी धरून नेला, तो चाऱ्याला शिवेना, शेवटी राजानं त्याला सोडलं आणि तो आईकडे परतला. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे काम आहे. पाहायचं ते हे, की चित्रकारानं हत्तीला आसवं ढाळायला न लावता गोष्ट कशी सांगितली आहे. मग लेणं क्रमांक १ मधल्या खांबाच्या शीर्षावरची चार हरणं. चौघांना मिळून डोकं एकच आहे आणि ते चारही शरीरांना बरोबर बसतं. दोन जनावरांचा एक आकार कसा करायचा याचा याहून चांगला धडा छपाईच्या पुस्तकातही सापडणार नाही. आत उजेड कमी असतो, म्हणून बारीक पेन नेऊ नका. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. गाडीभाडं वाया जाऊ नये म्हणून सांगितलं.

वेरूळ-दौलताबादकडे लंगुरं दिसतात. त्यांचं नवजात पिल्लू काळपट असतं आणि आई राखाडी. राखाडी पोटाला चिकटलेला काळा गोळा, म्हणजे रिलीफची रचना तयारच. कळपातल्या दुसऱ्या माद्याही पिल्लू हातात घेतात, त्यामुळे एका पिल्लाभोवती तीन-चार हात असं दृश्य मिळू शकतं. त्यांना खायला घालून जवळ बोलवू नका. एक तर ते चूक आहे, आणि दुसरं म्हणजे मग ती तुमच्या पिशवीकडे बघतात, एकमेकांकडे बघत नाहीत.

माणूस आणि जनावर असं हवं असेल तर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदेमळण घ्या. झुली, बाशिंगं, शिंगांचा रंग हे सगळं दुसऱ्या दिवशीचं आणि फोटोवाल्यांचं. खांदेमळणीत फक्त तळवा आणि खांदा असतो. जू घासून केस गेलेली, कातडं निबर झालेली जागा, तिच्यावर हळद आणि लोणी किंवा तूप चोळणारा हात, आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' हे बैलाच्या कानाशी म्हटलेलं. लिनोत निबर कातडं गुळगुळीत काळं राहू द्या आणि भोवती केसांचे काप द्या. तळव्याच्या रेषा सगळ्यात बारीक व्ही टूलनं.

बाहेरचे दोन संदर्भ पुरे. जर्मनीच्या केथे कोलवित्झ यांच्या 'युद्ध' या वुडकट-मालिकेतलं 'माता' हे चित्र (१९२१-२२) पाहा. बायका आणि मुलं मिळून एकच काळा ढीग आहे, आतून फक्त चेहरे आणि हात उजळतात. माया दाखवायला त्यांनी दोन शरीरांमधली हद्दच काढून टाकली. दुसरा संदर्भ उलट्या कारणासाठी: आल्ब्रेख्ट ड्यूररचा १५१५ चा गेंडा. हा गेंडा आपल्या गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीजांना दिलेला, तिथून लिस्बनला गेलेला. ड्यूररनं तो पाहिलाच नव्हता. आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्यानं वुडकट केला आणि पाठीवर एक जादा छोटं शिंग बसवलं. ड्यूररचा हात असेल तर चुकीचं शिंगही चालून जातं. आपण गोठ्यात जाऊन बसलेलं बरं.

लाल कंधारी गाय काळ्या-पांढऱ्यात कशी दाखवायची? दोन रंगांत केली तर? आणि प्रिंट उलटी येते ती चूक नेमकी कुठे टाळायची? (नांदेड)

लाल कंधारीचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून पाहा. गडद राखाडी येईल. म्हणजे एकाच रंगात छापताना तिला मुख्यतः काळी धरा आणि पाठीचा कणा, वशिंडाचा माथा, गळ्याखालच्या पोळीची घडी एवढ्याच जागी उजेड कापा. ६ × ८ सेंटिमीटरचे तीन छोटे आराखडे काळ्या मार्करनं करा: एक बहुतेक काळा, एक बहुतेक पांढरा, एक अर्धा-अर्धा. त्यात पेन्सिलनं राखाडी भरू नका. लिनोला राखाडी माहीत नसतो.

लाल आणि काळा असे दोन रंग एकाच ब्लॉकमधून रिडक्शननं, म्हणजे तोच ब्लॉक टप्प्याटप्प्यानं कापत आणि छापत, काढता येतात. दहा चांगल्या प्रिंट हव्या असतील तर पंधरा कागद घ्या, कारण मागे फिरता येत नाही. आधी जे कागदासारखं पांढरं राहायचं तेवढंच कापा: डोळ्यातली चमक, ओल्या केसांवरचा उजेड. मग पंधराही कागदांवर तांबडा छापा. लाल इंकमध्ये थोडा पिवळा आणि सुईच्या टोकाएवढा काळा घातला की कंधारीच्या जवळ जातो. तीन ते पाच दिवस वाळू द्या, पावसाळ्यात जास्त. मग जे लाल राहायचं ते कापून काढा आणि उरलेल्यावर काळा छापा. तांबड्याचा थर जाड झाला तर तो चकचकीत वाळतो आणि वरचा काळा त्यावर बसत नाही, घसरतो. म्हणून पहिला रंग मुद्दाम पातळ द्या.

कागद दर वेळी त्याच जागी बसायला हवा. प्लायवुडच्या फळीवर माउंटबोर्डच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवा, त्यात ब्लॉकचा कोपरा बसवा. बाहेर कागदाच्या कोपऱ्यासाठी दुसरा काटकोन करा. एक मिलिमीटर जरी सरकलं तरी डोळ्यातल्या पांढऱ्या ठिपक्याला एका बाजूनं लाल किनार येते आणि गाय आजारी दिसते.

उलटं होण्याचं सोपं आहे. चित्र ट्रेसिंग पेपरवर ४बी पेन्सिलनं उतरवा, कागद पालथा करून लिनोवर ठेवा, मागून चमच्यानं घासा. ब्लॉकवर चित्र उलटं दिसेल, छापल्यावर सुलटं. मग परमनंट मार्करनं पक्कं करा, नाहीतर तळहातानं पुसलं जातं. गाय-वासरात उलटं झालेलं कुणाला कळणार नाही. खांदेमळणीत मात्र उजवा हात डावा होतो, आणि ते गावात पहिल्यांदा कळतं.

लिनो भुगा होऊन तुटतो, हत्यार घसरतं. दोनदा बोट कापलं. (हिंगोली)

लिनो जवसाचं तेल, कॉर्कचा आणि लाकडाचा भुसा यांचा असतो, मागे तागाचं कापड. जुना झाला की तेल वाळून तो कडक होतो. घेताना कोपरा जरा वाकवून पाहा. लगेच चीर पडली तर घेऊ नका. घरात आहे तोच वापरायचा असेल तर ऊब द्या. आपल्याकडे उन्हात दहा मिनिटं पुरतात, थंडीत कापड ठेवून वरून कोमट इस्त्री. मे महिन्यात दुपारच्या उन्हात विसरून गेलात तर मात्र तो इतका मऊ होतो की बारीक रेघ कापताना दबते आणि कडा फुगते. अशा वेळी सावलीत ठेवून पुन्हा घट्ट होऊ द्या.

हत्यार घसरण्याचं कारण बहुतेक वेळा बोथट धार. कापाच्या कडा चिरलेल्या, भुरभुरीत दिसल्या की धार गेली समजा. लाकडाच्या पट्टीवर जुन्या पट्ट्याचं चामडं चिकटवा, त्यावर मेटल पॉलिश लावा आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी हत्यार मागे ओढत आठ-दहा वेळा घासा. पुढे ढकलू नका, चामडं कापलं जाईल.

हत्यार वीस-तीस अंशांपेक्षा उभं धरू नका. तीन मिलिमीटर जाडीच्या लिनोत एक ते दीड मिलिमीटर खोली पुरते. ताग दिसला म्हणजे फार खोल गेलात. वळणावर हत्यार न वळवता ब्लॉक फिरवा. आणि बोटाचं म्हणाल तर दुसरा हात सतत हत्याराच्या मागे ठेवा. हे पाळायला सुताराकडून एक फळी करून घ्या: ३० × २५ सेंटिमीटर प्लाय, एका कडेला वरून पट्टी, समोरच्या कडेला खालून पट्टी. खालची टेबलाच्या काठाला अडते, वरची ब्लॉकला. मग ब्लॉक धरायला हात पुढे न्यावाच लागत नाही.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही: रेघेच्या दोन्ही बाजू आतून पोखरू नका. कापाची भिंत बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा, म्हणजे रेघ रुंद पायावर उभी राहते. पोखरलेली रेघ पाच-सहा प्रिंटनंतर तुटते, आणि तुटते ती बहुधा मुसकट आणि मान यांच्यामधलीच, कारण सगळ्यात नाजूक काम तिथेच केलेलं असतं.

केस कोरले की वासरू साळिंदरासारखं दिसतं. (बीड)

सगळीकडे सारख्या लांबीचे, सारख्या अंतराचे काप मारता म्हणून. केस मोजायचे नसतात, ते कुठे वळतात एवढं सांगायचं. कपाळावरचा भोवरा, मानेचा बाक, खांदा संपून बरगडी सुरू होते ती जागा, पोटाखालची कड: काप या जागी द्या आणि मधला भाग सपाट काळा किंवा सपाट पांढरा सोडा. प्रत्येक काप बारीक सुरू होऊन बारीक संपायला हवा. हत्यार आत जाताना दाब हळूहळू वाढवा, बाहेर येताना मनगट खाली घेऊन काढा. एकदम उचललं तर कापाचं टोक बोथट राहतं आणि साळिंदर होतं. एक तास फाटक्या तुकड्यावर फक्त एवढाच सराव करा.

कॉलेजमध्ये प्रेस आहे पण सुट्टीत बंद असतो. घरी चमच्यानं छापलं तर काळं खडबडीत येतं, बारीक काप भरून जातात, आणि उन्हाळ्यात इंक काचेवरच वाळते. (जालना, छत्रपती संभाजीनगर आणि आणखी तिघे)

तीन वेगळे रोग आहेत.

इंक काचेवर वाळत असेल तर ती पाण्याची आहे. कोरड्या हवेत आणि पंख्याखाली ती पाच मिनिटं टिकत नाही. पंखा बंद करा, थोडी थोडी काढा, ग्लिसरिनचे एक-दोन थेंब मिसळा, आणि सकाळी सहा ते नऊ या वेळात छापा. त्यापेक्षा तेलाची घ्या. रिलीफची इंक मिळाली नाही तर छपाईवाल्याकडची ऑफसेटची काळी चालते. ती मात्र उन्हाळ्यात पातळ होऊन पसरते. मग चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट किंवा फ्रेंच चॉक मिसळून पॅलेट नाइफनं चांगली मळा. चाकूवरून धार लागत असेल तर अजून पातळ आहे. सावकाश तुटून पडली तर जमली.

काप भरत असतील तर इंक जास्त आहे किंवा रोलर फार मऊ. ए-४ आकाराच्या ब्लॉकला सुरुवातीला अर्धा चहाचा चमचा इंक पुरे. काचेवर रोलर फिरवताना कान द्या: चपचप आवाज म्हणजे जास्त, बारीक 'सर्र' आवाज म्हणजे बरोबर. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसला तर पसरवत राहा. ब्लॉकवर एकच जाड थर देऊ नका, तीन-चार पातळ द्या, आडवा-उभा रोलर फिरवत. मऊ रोलर कापांत उतरतो. केसांचं बारीक काम असेल तर कडक रबराचा घ्या. भरलेले काप जुन्या टूथब्रशनं साफ करा, टाचणीनं उकरू नका.

खडबडीत काळ्याचं कारण बहुतेक कागद. कॉलेजात प्रेसखाली चालणारा जाड कार्ट्रिज घरी चमच्याखाली चालत नाही. हातानं घासायला पातळ आणि लांब धाग्याचा कागद हवा, साधारण ४० ते ८० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये). नेपाळी कागद चांगला. दौलताबाद-खुलताबादच्या मधल्या कागजीपुऱ्याचा हातकागद वापरायचा मोह होतो, आणि व्हायलाही हवा, पण त्याचा पोत जाड असतो. त्याची उलटी बाजू पाहा, कमी खरखरीत बाजू निवडा, स्पंज फिरवून किंचित दमट करा आणि दोन ब्लॉटिंगमध्ये अर्धा तास ठेवा. ओला नको, दमट. ओल्या कागदावर तेलाची इंक बसत नाही.

घासताना कागदावर बटर पेपर ठेवा म्हणजे चमचा अडकत नाही. स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं मधून बाहेर, रुपयाएवढ्या गोलांत घासा. मोठ्या काळ्या भागाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. हात दुखतो तेव्हा अर्धं झालेलं असतं. एक बाजू वजन ठेवून पक्की करा, दुसरा कोपरा उचलून पाहा. मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके असतील तर कागद खाली ठेवून तिथेच पुन्हा घासा. पहिल्या दोन-तीन प्रिंट फिक्या येतातच, ब्लॉक इंक पितो. त्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर काढा. साफ करायला आधी खाण्याचं तेल, मग साबणाचं फडकं. केरोसीननंही होतं, पण बंद खोलीत नको.

आमच्याकडे उस्मानाबादी शेळ्या, आई काळी आणि करडंही काळंच. छापलं की एक काळा ठिपका. (धाराशिव)

मग ठिपकाच होऊ द्या, त्यात वाईट काही नाही. गोठ्यात एकच बल्ब बाजूला लावा. पाठीच्या कडेवर आणि कानाच्या कडेवर उजेडाची रेघ मिळेल. दोन्ही शेळ्यांची बाहेरची कड पांढऱ्या रेघेनं सलग घ्या आणि जिथे करडू आईला टेकलंय तिथे रेघ तोडा. तिथे काळ्यात काळं मिसळू द्या. डोळा काढायचाच असेल तर शेळीची बाहुली आडव्या चौकोनी फटीसारखी असते. गोल केलीत तर कुत्रा होतो.

प्रिंटवर नंबर आणि सही कशी करायची? (जालना)

पेन्सिलनं, प्रतिमेच्या खाली. डावीकडे ३/१० म्हणजे दहांतली तिसरी, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही आणि वर्ष. स्वतःसाठी ठेवलेल्या एक-दोन प्रतींवर ए/पी (आर्टिस्ट्स प्रूफ). सगळ्या दहा सारख्या छापून झाल्यावरच नंबर घाला. तिसरी फिकी आली म्हणून ती 'वेगळ्या मूडची' होत नाही.

कन्सेप्ट नोट मागितली आहे, १०० शब्द. 'प्राण्यांचं निरागस प्रेम माणसाला खूप काही शिकवून जातं' असं लिहिलंय. पाठवू का? (लातूर, पहिल्या पत्रातल्या विद्यार्थिनी)

नको. हे वाक्य कुठल्याही चित्राखाली बसतं, म्हणून तुमच्या चित्राखाली बसत नाही. काय पाहिलं, कुठे, किती वाजता, आणि त्यामुळे ब्लॉकवर कोणता निर्णय घेतला, एवढंच लिहा. नमुना म्हणून असं:

'संध्याकाळची धार झाल्यावर आमची वानेरा गाय वासराची मान चाटते. चाटलेले केस उलटे उभे राहतात आणि बराच वेळ तसेच राहतात. मी गाईचं फक्त काळं मुसकट घेतलं आहे, तिचं बाकी अंग चौकटीबाहेर आहे. वासराची मान पांढरी सोडली असून तिच्यावरचा ओला पट्टा ५ मिमी यू टूलनं खालून वर कापला आहे. डोळा एकही नाही. लिनोकट, तेलाची काळी इंक, नेपाळी कागद, २० × २५ सेंमी, १० प्रती.'

यातला एखादा तपशील तुमच्या ब्लॉकवर नसेल तर तो नोटमधून काढा, किंवा ब्लॉकवर घाला. आणि वासराचं नाव असेल तर शीर्षकात तेच द्या, 'वात्सल्य' नको.